मोहिनी नाही, मुकादम

चौदा एप्रिलच्या स्टेजवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. जळगावात ऐका, धुळ्यात ऐका, चाळीसगाव-पाचोऱ्याला ऐका. वक्ता घसा खाकरतो आणि म्हणतो, बंधूंनो, आपला समाज संमोहित झालेला आहे, मनूने हजारो वर्षं त्याच्यावर मोहिनी घातली आहे, त्याला जागं करायचं काम तुमचं-आमचं आहे. टाळ्या पडतात. आणि टाळ्या वाजवतात कोण? ज्यांना आत्ताच झोपलेले म्हटलं तेच. झोपलेली माणसं टाळ्या कशी काय वाजवतात, हे एकाही वक्त्याने आजवर सांगितलेलं नाही.

मी या वाक्याच्या विरोधात लिहितोय. नुसतं खोटं असतं तर सोडून दिलं असतं. स्टेजवर पुष्कळ खोटं बोललं जातं, एकाने काय बिघडतं. पण हे वाक्य आपल्या बापजाद्यांना येडं ठरवतं आणि बोलणाऱ्याला भगत करून ठेवतं. लोक झोपलेत म्हटलं की जागं करणारा एक लागतोच. तो कोण? ज्याच्या हातात माईक तो. म्हणजे मनूची मोहिनी उतरवायची आणि साहेबांची चढवायची. गंडा तोच, फक्त दोऱ्याचा रंग निळा.

आता शब्द वापरलाच आहे तर त्याची जात काढून बघू.

संमोहन म्हटलं की डोळ्यांपुढे जादूगार येतो. रोखलेली नजर, पसरलेले हात, समोर कोसळलेली बाई. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी असाच एक पुतळा उभा आहे, आबे फारियाचा. १९४५ साली रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला. हा फारिया गोव्यातल्या कांदोळीचा, १७५६ चा जन्म, पाद्री. काही आपल्यातला नव्हे. बामणाचे किरिस्ताव झालेलं घराणं, आणि गोव्यात जात चर्चच्या दारातही गळून पडली नव्हती. पण गोऱ्या पाद्र्यांपुढे काळा पाद्री शेवटी खालचाच. गोव्यातल्या पाद्र्यांनी १७८७ साली पोर्तुगीजांविरुद्ध कट केला, त्यात याचंही नाव घेतलं गेलं. पुढे हा माणूस पॅरिसला गेला आणि १८१३ पासून तिथे लोकांपुढे संमोहनाचे प्रयोग करू लागला. माणसाला खुर्चीत बसवायचा, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचा आणि मोठ्या आवाजात हुकूम सोडायचा, झोपा! काही झोपायचे, काही नाही.

त्याच्या आधी मेस्मर नावाचा डॉक्टर सांगायचा की माझ्या अंगातून एक अदृश्य द्रव वाहतो आणि तो रोग्याच्या अंगात शिरतो. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी बसवली, तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होता. माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून तपासलं. द्रव सोडतोय असं नुसतं सांगितलं की झटके यायचे. न सांगता सोडला की काही नाही. द्रव-बिव काही नव्हताच. फारिया याच्यापुढे गेला. तो म्हणाला, ताकद माझ्या हातात नाही, माझ्या डोळ्यांत नाही, ती झोपणाऱ्याच्या मनात आहे. काहींचं मन तसं असतं, काहींचं नसतं. १८१९ साली तो मेला, गरिबीत आणि लोकांची टिंगल सोसून. आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याचा पुतळा उभारला तो त्याच्याच म्हणण्याच्या उलटा. हात पसरून वर उभा तो, आणि खाली पडलेली बाई. बघणाऱ्याला वाटावं की सगळी करामत या हातांची. मोठ्या माणसाचं म्हणणं पुतळ्याखाली दाबलं जातं ते असं. आपल्याला या गोष्टीचा अनुभव आहेच.

फारिया म्हणाला ते पुढे मोजून पाहिलं गेलं. १९५९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड या दोघांनी बारा चाचण्यांची एक पट्टी बनवली. हात जड होतोय म्हटल्यावर खाली येतो का? बोटं एकमेकांत अडकली म्हटल्यावर सुटतात का? कानाशी माशी घोंगावतेय म्हटलं तर माणूस ती हाकलतो का? बाराच्या बारा करणारे थोडे निघाले, एकही न करणारे थोडे, बाकी सगळे मधे. पंचवीस वर्षांनी त्यातल्याच माणसांना पुन्हा तपासलं तेव्हा ज्याचा तो आकडा जवळपास तिथेच होता. हे १९८९ साली छापून आलं. म्हणजे संमोहन लागणं हा ज्याच्या त्याच्या मनाचा गुण आहे, उंचीसारखा किंवा गळ्यासारखा.

आणि महत्त्वाचं पुढेच आहे. हा गुण असलेला माणूस भित्रा असतो का? लाचार असतो का? कुणाचंही ऐकणारा असतो का? शोधून शोधून थकले, तसं काही पक्कं हाती लागलं नाही. थोडासा धागा लागला तो वेगळाच. गोष्टीत, गाण्यात, सिनेमात स्वतःला विसरून जाणारी जी माणसं, त्यांचा आकडा जरा वर असतो. बस. म्हणजे जलशात बसून जी म्हातारी रमाईचं गाणं ऐकताना पदराने डोळे पुसते, तिचा आकडा वर असेल. ती गुलाम आहे म्हणून नाही, तिच्या काळजाला कान आहेत म्हणून. ज्याला गाण्याने काही होत नाही तो क्रांतिकारक, असं कुणी समजत असेल तर त्याने आरशात पाहावं.

इथे मला आपल्या पोरांशी भांडायचंय. वस्तीत कानबाईच्या वेळी, नाहीतर वणीच्या पायी यात्रेवरून आल्यावर, एखाद्या बाईच्या अंगात येतं. आपला कार्यकर्ता नाक मुरडतो. बघा, ही संमोहित, ही मनूची गुलाम. अरे बाबा, नीट बघ तरी. अंगात आलेली बाई हुकूम मानते का? ती हुकूम सोडते! वर्षभर जिला नवरा लाथ घालतो, सासू जिला घोटभर चहा मोजून देते, तिच्यापुढे त्या घटकेला दोघं हात जोडून उभे असतात. ती नारळ मागते, लुगडं मागते, नवऱ्याला शिवी देते, आणि नवरा मान खाली घालून ऐकतो. मी अंगात येण्याची बाजू घेत नाही. बावीस प्रतिज्ञा मलाही पाठ आहेत. आणि भूत उतरवतो म्हणून बाईला चाबकाने मारणाऱ्या भगताला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लावायलाच पाहिजे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी, २० ऑगस्टला, पुण्यात खून झाला तेव्हा कुठे सरकारला त्या कायद्याचा वटहुकूम काढायची आठवण झाली. पण अंगात येणं म्हणजे आज्ञा पाळणं, हे गणितच चुकलेलं आहे. ती बाई आज्ञा पाळते ती बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस. डोळे उघडे ठेवून.

मग माणूस हुकूम का मानतो? याचाही प्रयोग झालेला आहे.

१९६५ साली मार्टिन ऑर्न आणि इव्हान्स यांनी काही माणसांना खोल संमोहनात घातलं आणि सांगितलं, हा विषारी साप हाताने उचल. हे उकळल्यासारखं फसफसणारं अ‍ॅसिड, यातलं नाणं उघड्या हाताने काढ. आणि आता हेच अ‍ॅसिड त्या समोरच्या माणसाच्या तोंडावर फेक. सहापैकी पाच जणांनी केलं. झालं! लोक म्हणाले असते, बघा संमोहनाची ताकद. पण ऑर्न हुशार. त्याने आणखी सहा जण घेतले होते ज्यांना संमोहन लागलंच नव्हतं, त्यांना फक्त लागल्याचं सोंग करायला सांगितलं होतं. त्या सहाच्या सहांनी केलं. सापापुढे न दिसणारी काच होती, हात लगेच धुतला जात होता, अ‍ॅसिड गुपचूप बदललं होतं, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाले, विद्यापीठाचा प्रयोग आहे, प्रोफेसर साहेब आमच्या जिवाला धोका होऊ देणार नाहीत याची खात्री होती.

म्हणजे डोळ्यांत डोळे घालायची गरजच नव्हती. खुर्ची पुरे होती.

हे वाचलं तेव्हा मी जिथे काम करतो ती डाळ मिल डोळ्यांपुढे आली. नाव लिहीत नाही, सगळ्या सारख्याच. पट्ट्याला जाळी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या एकविसाव्या कलमात फिरत्या यंत्राला कुंपण घालायचं लिहिलं होतं. ते कागदावर राहिलं आणि पट्टा उघडा राहिला. गोणपाटाचा तुकडा पट्ट्यात अडकला की मुकादम ओरडतो, काढ रे, मशीन बंद करू नको. चालू पट्ट्यात हात घालायचा. आम्ही घालतो. अमेरिकेतला तो माणूस अ‍ॅसिडमध्ये हात घालतो कारण त्याला खात्री आहे की साहेब काही होऊ देणार नाही. आम्ही पट्ट्यात हात घालतो तेव्हा आम्हाला पक्की खात्री असते की साहेब होऊ देईल. झालं तर रिक्षात घालून सिव्हिलला सोडील आणि दुसऱ्या दिवशी नाक्यावरून दुसरा माणूस आणील. हे माहीत असून हात जातो. याला मोहिनी म्हणायचं? आमच्यातल्या एका म्हाताऱ्याची दोन बोटं अशीच गेली. त्यांना मी विचारलं, आबा, तेव्हा तुम्ही नाही का म्हटलं नाही? ते हसले. "मी काय जपेल नव्हतू भाऊ. मन्हं पोट जागं व्हतं."

स्टॅनफर्डच्या बारा चाचण्यांत ही तेरावी नाही.

आता यातला दुसरा प्रयोग, तो जास्त प्रसिद्ध आहे. १९६१ साली येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅमने साध्या माणसांना बोलावलं. पलीकडच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला वाढवत न्यायचा. झटका खोटा, ओरडणं खोटं, पण देणाऱ्याला ते खरं सांगितलेलं. राखाडी कोट घातलेला एक साहेब मागे बसून म्हणतो, चालू ठेवा. चाळीसपैकी सव्वीस जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. एवढं सगळे सांगतात आणि थांबतात. माणूस मुळातच गुलाम, असं म्हणून उसासा टाकतात. पुढचं वाचत नाहीत. साहेब खोलीतून उठून गेला आणि फोनवरून सांगू लागला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे पाचात एकच उरले. आणि शेजारी आणखी दोन माणसं बसवली, ती मधेच उठली, म्हणाली आम्ही नाही करणार, तेव्हा चाळीसपैकी शेवटपर्यंत गेले फक्त चार. माणसं तशीच, पट्टीवरचा आकडा तोच, पगार तोच. फक्त शेजारी दोघं उठले.

या प्रयोगावर पुढे पुष्कळ टीका झाली, काहींना झटका खोटा असल्याचा संशय आलाच होता असंही निघालं. ते धरून चला. पण एक गोष्ट नंतर पुन्हा तपासली गेली. साहेबाच्या तोंडी चार वाक्यं होती. शेवटचं होतं निव्वळ हुकमाचं, तुम्हाला दुसरा इलाज नाही, करावंच लागेल. २००९ मध्ये छापलेल्या बर्गरच्या प्रयोगात ज्याच्या ज्याच्यावर हे वाक्य वापरायची वेळ आली, त्यातला एकही पुढे गेला नाही. उघडा हुकूम म्हटला की माणूस ताठतो. तो वाकतो ते विज्ञानासाठी, धर्मासाठी, गावाच्या भल्यासाठी असं सांगितलं म्हणजे.

गावाने आपल्याला नेमकं हेच सांगितलं. येसकरकी हा तुझा मान आहे. पोळ्याला पाटलाचा बैल पुढे हा गावाचा रिवाज आहे. मेलेलं ढोर ओढणं हे तुझं पुण्य आहे. आणि जिथे हे गोड बोलणं संपलं तिथे काय होतं? मोहिनी? नाही. बहिष्कार होता. १९२८ साली मुंबई सरकारने स्टार्ट कमिटी नेमली, बाबासाहेब तिच्यात होते. १९३० च्या अहवालात स्वच्छ लिहिलंय की अस्पृश्य खेड्यात थोडे, रोजीरोटीला सवर्णांवर अवलंबून, त्यांनी हक्क बजावायचं नाव काढलं की दुकान बंद, काम बंद, रस्ता बंद. कमिटीला सगळ्या इलाख्यात कुठेही झोपलेला समाज सापडला नाही. कोंडलेला सापडला.

म्हणून तर बाबासाहेबांनी कुठे घाव घातला बघा. १८७४ च्या वतन कायद्याने महाराला गावाशी बांधलं होतं, चोवीस तास सरकारची आणि गावाची हमाली, मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि भाकरीचे तुकडे. १९२८ साली त्यांनी कौन्सिलात हा कायदा बदलायचं बिल आणलं. तेव्हा ते पार पडू दिलं नाही. वतनं गेली १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेब गेल्यावर. समाज संमोहित आहे असं त्यांना वाटलं असतं तर त्यांनी बिल कशाला आणलं असतं? चुटकी वाजवली असती! लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण दर ३१ जुलैला जातो. १९३७ साली ते तिथे राहिले ते धुळ्याच्या कोर्टात कामासाठी आले म्हणून. मंत्र घेऊन नाही, वकिलीची कागदं घेऊन. आणि १९२७ ला महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला जी माणसं चालत गेली ती काय आदल्या रात्री जागी झाली होती? तहान पिढ्यान्‌पिढ्यांची होती. फरक एवढाच की त्या दिवशी शेजारी दोघं नव्हे, हजारो उठले होते.

आणि मोहिनी काय फक्त आमच्यावर पडते का? पेपरात बातमी असते, संमोहित करून वृद्धेचे दागिने लांबवले. पूर्ण वाचा. दोन जण मोटारसायकलवर आले, म्हणाले आम्ही पोलीस, पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा. बाईंनी काढले. यात संमोहन कुठे आहे? पोलीस हा शब्द आहे. २०२४ मध्ये देशभर डिजिटल अरेस्टचा धुमाकूळ झाला. रिटायर्ड अधिकारी, डॉक्टर, प्रोफेसर. मोबाइलवर खोटा पोलीस दिसतो, म्हणतो तुम्हाला अटक आहे, खोलीतून हलू नका. माणूस हलत नाही, जन्माची पुंजी पाठवून देतो. त्यांच्याबद्दल कुणी म्हटलं नाही की हा समाजच झोपलेला आहे. तिथे म्हणतात, फसवणूक झाली. आमच्याकडे आलं की मानसिकता.

या शब्दाचा आणखी एक उपयोग आहे आणि तो भयंकर आहे. १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. पोट भरायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना, पोरं पळवणारी टोळी म्हणून, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेवर. अशा वेळी शहाणी माणसं लगेच म्हणतात, जमावाचं भान हरपलं होतं, जमाव भारला गेला होता. नाही! गुलामाला झोपलेला म्हणालात की खुन्यालाही झोपलेला म्हणावं लागतं, आणि झोपेतल्या माणसाला शिक्षा कशी देणार? तिथे फिरत्या भिक्षेकऱ्याला मारलं तर कोण विचारतो, हा हिशोब होता. तो जागेपणीच होतो. मारणारेही गरीबच होते, हे लिहिताना पेन जड होतो, पण लिहिलं पाहिजे.

आता घरचं. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं की धर्मातली भक्ती आत्म्याला मोक्ष देत असेल, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेची सालटी काढली होती. आणि आपण? परवा एका बैठकीला मी गेलो होतो, कुठल्या गटाची ते सांगत नाही, गट इतके झालेत की सांगून उपयोग नाही. अध्यक्ष म्हणाले, ठराव सर्वांना मंजूर? हात वर गेले. ठराव अजून वाचलेला नव्हता. एक पोरगं मागून म्हणालं, आधी वाचा तर. सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की ते पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलं ते आलंच नाही. तिथे कुणावर मोहिनी नव्हती. कुणाला तिकीट हवं होतं, कुणाला भावाची बदली, कुणाला नुसतं साहेबांच्या गाडीत बसायचं होतं. त्या पोराच्या शेजारचा एकजण जरी उठला असता तरी ठराव वाचावा लागला असता. मी उठेपर्यंत चहा आला होता.

तेव्हा पुढच्या चौदा एप्रिलला ज्याच्या हातात माईक येईल त्याने ते झोपेचं वाक्य गाळावं आणि तेवढ्या वेळात हिशोब सांगावा. या वस्तीतली किती घरं कुणाच्या रानात मजुरीला जातात. कुणाची उचल कुणाकडे आहे. कोणत्या मिलच्या पट्ट्याला जाळी नाही. गायरानाच्या जमिनीचे किती अर्ज तहसीलला पडून आहेत आणि ते कुणाच्या सांगण्यावरून पडून आहेत. कोणत्या गावात किराणा बंद केला होता आणि २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा नोंदवायला तालुक्याला कुणी येणार आहे का. दोघं तरी पाहिजेत. एकटा गेला की ठाणेदार त्याला बाकड्यावर बसवून ठेवतो.